हिरड्यांचं माप

सफरचंदाला रक्त येत नाही, एवढं जीवशास्त्र मला येतं. म्हणूनच त्या सकाळी चावा घेतलेल्या सफरचंदाच्या पांढऱ्या गरावर लाल रेघ दिसली, तेव्हा मी पहिला संशय फळवाल्यावर घेतला. संशय घेणं हा माझा पेशाच आहे. वजनमापे खात्यात मी सव्वीस वर्षं निरीक्षक आहे. दुकानोदुकानी जायचं, तराजूचं पारडं उचलून खाली काही चिकटवलंय का ते बघायचं, आमची वजनं टाकून काटा तपासायचा आणि शिक्का मारायचा. खोट कुठेतरी असणारच आणि ती समोरच्याचीच असणार, हे आमच्या खात्याचं तत्त्वज्ञान.

"अगं, हे बघ," मी सफरचंद बायकोपुढे धरलं.

बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी सात ते दुपारी दोन ती माणसांच्या शिरा शोधते. त्यामुळे रक्ताबद्दल तिला आदर असा राहिलेला नाही. नळीत भरण्याइतकं नसेल तर ते रक्तच नव्हे, अशी तिची व्याख्या. तिने सफरचंदाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पायात चपला सरकवत म्हणाली, "हिरडीतून आलंय. दातांच्या डॉक्टरकडे जा."

"पण दुखत नाही गं."

"मग दुखायला लागल्यावर जा!"

हे ती रागाने म्हणाली होती. मी मात्र तो वैद्यकीय सल्ला समजून शिरोधार्य मानला.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान नुकसान वाढलं नसतं. पण मी ही गोष्ट जिन्यात बोललो. आमच्या वरच्या मजल्यावर टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. सगळी इमारत त्यांना ज्ञानकोश म्हणते. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं हाताळून त्यांना सगळ्या विषयांची माहिती झालेली आहे. पाकीट न उघडता ती कशी झाली, हे विचारायचं कोणाला सुचलेलं नाही.

"ब्रश करताना रक्त येतं ना?" ज्ञानकोशांनी विचारलं.

"येतं."

"मग ब्रश बंद! अहो, जखमेवर कोणी खराटा फिरवतं का? बोटाने तुरटीची पूड लावा. दहा दिवस."

तर्क बिनतोड होता. मी ब्रश बंद केला आणि तुरटी सुरू केली. तुरटी तोंडात गेली की तोंड असं आवळतं, की ओठांचं आपोआप भोकच होतं. पहिल्याच दिवशी तसाच एका किराणा दुकानात तपासणीला गेलो. "प्रमाणपत्र दाखवा" एवढंच म्हणायचं होतं. पण 'प्र'ला ओठ आवळले ते मिटेनात आणि बाहेर नुसती लांब शीळ आली. गल्ल्यावर दुकानदाराची बायको बसली होती. तिने पदर सावरला. दुकानदाराने बाह्या सावरल्या. शेवटी मी खिशातून ओळखपत्र काढून हवेत नाचवलं, तेव्हा प्रकरण मिटलं. पण त्या दुकानात आजही मी गेलो की ती बाई आत निघून जाते.

दहा दिवसांनी रक्त कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. मी पुन्हा जिना चढलो.

"वाढलं?" ज्ञानकोश जराही डगमगले नाहीत. "वाढणारच. हिरड्या सुस्तावल्या तुमच्या! त्यांना व्यायाम नको? कडकातला कडक ब्रश घ्या आणि जोर लावून घासा. चाकं धुतल्यासारखं."

एकाच तोंडाने दोन उलटे सल्ले देणं सोपं असतं. ते एकाच तोंडात पाळणं अवघड. पण मी पाळले. कडक ब्रशने दुसऱ्या दिवशी बेसिनची अशी अवस्था केली, की कोणी पाहिलं असतं तर आधी पंचनामा केला असता आणि मग मला विचारलं असतं. मी नळ सोडून पुरावा नष्ट केला आणि ऑफिसला गेलो. दुखत मात्र नव्हतंच. शरीराची तक्रार नाही, तर आपण कशाला करायची? आमच्या खात्यातही लेखी तक्रार आल्याशिवाय फाइल उघडत नाहीत.

तक्रार आली ती एका सोनाराच्या दुकानात. आणि तीही तोंडी.

सोनाराचा तराजू काचेच्या पेटीत असतो, कारण वाऱ्याच्या झुळकेनेही त्याचा काटा हलतो. तो तपासायचा म्हणजे पेटीचं दार उघडून, नाक जवळजवळ पारड्याला लावून बघावं लागतं. मी तसा वाकलो होतो. सोनाराची चार वर्षांची नात काउंटरवर पाय हलवत बसली होती. आमची तोंडं एका पातळीवर आली. तिने नाक चिमटीत धरलं आणि सबंध दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं,

"आजोबा, या काकांच्या तोंडात काय मेलंय?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एक कारागीर होता. कोणी श्वास घेतला नाही. आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्यांनी आधीपासूनच तो रोखलेला असावा.

"अगं, असं बोलू नये," सोनार घाईघाईने म्हणाला. "काका साहेब आहेत."

"मग साहेबांच्या तोंडात काय मेलंय?"

मी शिक्का मारला, सही केली आणि बाहेर पडलो. जीपमध्ये बसलो, तर ड्रायव्हरने नेहमीप्रमाणे चारही खिडक्या खाली केल्या. थंडीचे दिवस होते. दोन वर्षं मी समजत होतो, की या माणसाला मोकळ्या हवेची आवड आहे. मग एकामागून एक गोष्टी आठवायला लागल्या. ऑफिसात माझं टेबल खिडकीशी हलवलं, ती मानाची जागा म्हणून मी चहा पाजला होता. भेटायला येणारे लोक टेबलापासून चार पावलं लांब उभे राहतात, ते मी माझ्या दराऱ्याच्या खात्यात जमा केलं होतं. दरारा कसला, दर्प होता तो!

संध्याकाळी बायको घरी भाजी निवडत बसली होती. मी लांबूनच, दारातून विचारलं, "माझ्या तोंडाला वास येतो?"

तिचा हात थांबला. "कोणी सांगितलं?"

"म्हणजे येतो! कधीपासून?"

"झाली असतील दोनेक वर्षं."

"दोन वर्षं? आणि तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, लसणाचा असेल."

"असेलही लसणाचा."

"त्या आठवड्यात घरात लसूण नव्हता," ती म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

मी कॉटवर जाऊन बसलो. दोन वर्षांपासून ती भिंतीकडे तोंड करून झोपते. डाव्या कुशीवर झोपलं की पचन सुधारतं, असं तिने सांगितलं होतं. आणि मी मूर्ख, तिला भिंतीकडची बाजू मिळावी म्हणून कौतुकाने कॉट सरकवली होती! चार वर्षांच्या पोरीने दुकानात जे केलं त्याचं मला एवढं लागलं नव्हतं. त्या सरकवलेल्या कॉटचं लागलं.

तरीही मी सरळ डॉक्टरकडे गेलो नाही. सवयीप्रमाणे आधी वर गेलो. ज्ञानकोशांनी ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, वयानुसार होतं हे. मलाही झालं होतं. रक्त यायचं, वास यायचा. मग एकेक करून दात आपोआप सुटत गेले. इतके अलगद, की काय सांगू! एक तर भाकरीबरोबर गेला, कळलंसुद्धा नाही. आता बघा कसा निवांत आहे." एवढं बोलून त्यांनी तोंडात हात घातला आणि वरची-खालची दोन्ही रांगांची कवळी काढून माझ्यासमोर टीपॉयवर ठेवली.

महिनाभर मी दातांसाठी ज्याचा सल्ला घेत होतो, त्याच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. टीपॉयवरची ती कवळी माझ्याकडे बघून हसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी दातांच्या दवाखान्याच्या पायरीवर होतो. दवाखाना दहाला उघडतो.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा चारेक वर्षांनी मोठी असेल. तिने मला "काका" म्हटलं, खुर्चीत आडवं केलं आणि डोळ्यांवर दिवा रोखला. उताण्या माणसाला हुद्दा नसतो, हे मला त्या खुर्चीत समजलं. तिने एक बारीक, टोकाशी रेघा आखलेली सळई उचलली.

"हे काय?" मी विचारलं.

"मोजणी. दात आणि हिरडी यांच्यामध्ये फट असते ना, ती किती खोल आहे ते बघायचं."

मोजणी म्हटल्यावर मी उठून बसलो. "ही पट्टी शेवटची कधी तपासून घेतली होती? शिक्का दिसत नाही हिच्यावर."

तिने सळईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, तुम्ही करता काय?"

मी सांगितलं. ती मोकळेपणाने हसली. "मग तुम्हाला कळेल लगेच. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. चारपासून पुढे गडबड. सहाच्या वर फार गडबड. मी आकडे सांगते, ही ताई लिहून घेईल. तुम्ही ऐका."

"तीन, दोन, तीन," ती म्हणाली. माझी छाती फुगली. "तीन, तीन, चार." ठीक आहे, थोडा फरक चालतो. "चार, पाच, चार. पाच, पाच, सहा." लिहिणाऱ्या ताईने वर पाहिलं. भेसळीच्या दुधाकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "सहा, पाच... सात."

"हाऽऽ?" मी सळईसकट ओरडलो.

"हो, सात. उजवीकडची खालची शेवटची दाढ."

सात! पाच ग्रॅमच्या फरकासाठी मी माणसांची दुकानं बंद केली आहेत. आणि माझ्याच तोंडात, माझ्याच नाकाखाली, चार मिलिमीटरची तूट बिनबोभाट चालू होती.

तिने आरसा हातात दिला आणि समजावून सांगितलं. दातांवर रोज एक चिकट थर बसतो. तो रोज नीट निघाला नाही की त्याचा दगड होतो. त्या दगडाला कंटाळून हिरडी दातापासून सुटते, मधे खिसा तयार होतो, खिशात जंतू साठतात आणि हळूहळू खालचं हाड झिजतं.

"म्हणजे दात चांगला आहे, जमीन खचतेय," मी म्हणालो.

"बरोबर बोललात."

"मग दुखत का नाही?"

"तीच तर अडचण आहे, काका. दुखलं असतं तर तुम्ही दोन वर्षांपूर्वी आला असता."

"गोळ्या द्या ना एखाद्या."

"गोळ्यांनी दगड विरघळत नाही. हिरडीच्या खालून खरवडून काढावा लागतो. तोंडाचे चार भाग करू, चार बैठका. झिजलेलं हाड परत येत नाही, पण आहे ते टिकवता येतं. त्या शेवटच्या दाढेचं मात्र मी आत्ताच काही सांगू शकत नाही. राहीलही, जाईलही."

टीपॉयवरची कवळी डोळ्यांसमोर आली. मी म्हणालो, "कधीपासून सुरू करायचं?"

तिने साखरही तपासून घ्यायला सांगितली. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात म्हणे. ते काम घरचंच होतं. बायकोने दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि मी सुई बघायच्या आत नळी भरून बाजूला ठेवली. साखर ठीक निघाली. "गोड बोलत नाही ना तुम्ही, म्हणून," एवढंच ती म्हणाली.

चार बैठका म्हणजे चार अर्ध्या दिवसांच्या रजा. माझ्या भोळ्या मनाला वाटलं, अर्ज दिला की रजा मिळेल. आमच्या हेडक्लार्कने अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचला.

"हिरड्या यादीत नाहीत, साहेब."

"कसल्या यादीत?"

त्याने कपाटातून एक पिवळं पडलेलं परिपत्रक काढलं. त्यात वैद्यकीय रजेसाठी अवयव दिले होते. हृदय होतं, मूत्रपिंड होतं, डावा-उजवा पाय वेगवेगळा होता. "दात आहेत," त्याने बोट ठेवलं, "पण सौंदर्यविषयक उपचार या सदरात. त्याला रजा नाही."

"अहो, मी सुंदर दिसायला जात नाहीये!"

"ते मला दिसतंय, साहेब. पण कागदावर यायला हवं."

म्हणून मी डॉक्टरीणबाईकडून दाखला आणला. त्यावर लिहिलं होतं, 'सदर उपचारांचा रुग्णाच्या सौंदर्याशी काहीही संबंध नाही.' हेडक्लार्कने तो सगळ्या सेक्शनसमोर मोठ्याने वाचला, कारण तो आवक नोंदवताना सगळंच मोठ्याने वाचतो. सेक्शनने तो दाखला एकमताने मान्य केला. मग त्याने हिरड्या हे 'दातांचे मूळ ठिकाण' असल्याची टीप लिहिली, ती टीप वरच्या साहेबांकडे गेली, साहेबांनी 'बोलावे' असा शेरा मारला. मी बोलायला गेलो. साहेबांनी माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत, खुर्ची मागे सरकवत, सही केली. दोन वर्षांत माझ्या तोंडाचा मला झालेला तो एकमेव उपयोग.

पहिली बैठक उजव्या बाजूची. टोचून बाजू बधिर केली, मग तासभर तोंडात रस्त्याचं काम चालल्यासारखा आवाज. दुखलं काहीच नाही. पण बाहेर आलो तेव्हा उजवा गाल, अर्धा ओठ आणि अर्धी जीभ माझी राहिली नव्हती. रजा अर्ध्या दिवसाची असल्यामुळे उरलेल्या अर्ध्या दिवसात मला एका भंगारवाल्याची सुनावणी घ्यायची होती. त्याच्या काट्याबद्दल तीनदा तक्रार आली होती आणि तीनही वेळा काटा बिनचूक निघाला होता. महाबिलंदर माणूस. बोलण्यात तर मला दोनदा विकून आलेला.

तो समोर येऊन बसला. मी "बोला" म्हणायला गेलो, पण 'ब' काही होईना. म्हणून गप्प बसून नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. तो हसला. मी हसलो नाही, कारण हसता येत नव्हतं. माझ्या उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेचा एक थेंब हळूच खाली उतरला. मला तो कळला नाही. त्याला दिसला. तो खुर्चीत सावरून बसला.

"साहेब, काटा तुम्ही बघितलाय," तो म्हणाला.

मी बघत राहिलो. डावी भुवई तेवढी हलत होती, ती वर गेली.

"म्हणजे... काटा बरोबरच आहे."

दुसरा थेंब उतरला. त्याने घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं, आणि एकदम हात जोडले. "साहेब, तुम्हाला सगळं कळलंय, मला समजलं. चुंबक आहे, साहेब. पारड्याखाली नाही, काटा ठेवलेल्या फळीच्या खाली. पायाने सरकवायचा. तुम्ही आलात की लांब असतो. असं बघू नका हो साहेब, मला बायकापोरं आहेत!"

हेडक्लार्कने जबाब लिहून घेतला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं यशस्वी काम कधी केलं नव्हतं आणि त्यात माझा वाटा एका इंजेक्शनाइतका होता. तासाभराने ओठ जागा झाला, तेव्हा लोक माझं अभिनंदन करत होते आणि माझ्या शर्टावर चहाचा मोठा नकाशा होता.

दोन बैठका झाल्यावर मात्र घात झाला. आरशात बघतो, तर खालच्या दातांमध्ये फटी! जिथे आयुष्यभर एकसंध भिंत होती तिथे खिडक्या. दातावर बोट ठेवलं, तर हलल्यासारखाही वाटला. त्यात जिन्यात ज्ञानकोश भेटले. तोंडात डोकावून ते म्हणाले, "बघा! साफ करून घेतले की दात सैल होतात. मी सांगणारच होतो."

मी तसाच, चपला घालून, दवाखान्यात जाऊन उभा राहिलो. "मी दात टिकवायला आलो होतो, दार उघडायला नाही!"

डॉक्टरीणबाई शांतपणे उठली. एका छोट्या डबीत तिने माझ्या दातांमधून निघालेले तपकिरी तुकडे ठेवले होते. तिने ती डबी माझ्या तळहातावर उपडी केली. वाळूच्या कणांपासून तांदळाच्या दाण्याएवढे खडे होते ते.

"हे तुमच्या फटींमध्ये बसले होते, काका. तुम्हाला ते दात वाटत होते. फटी आधीपासूनच होत्या, ते नुसते बुजवून बसले होते. आणि दात हलत होते तेही आधीपासूनच. हिरड्या आवळल्या की थोडे घट्ट होतील. पण पुढचं काम माझं नाही, तुमचं."

पुढचं काम म्हणजे मऊ ब्रश, हलका हात, सकाळी दोन मिनिटं आणि झोपण्यापूर्वी दोन मिनिटं. शिवाय दातांच्या फटीत घालायचे छोटे ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशाची पिल्लं असावीत तसे. मी शिस्तीचा माणूस. न्हाणीघराच्या दारावर तक्ता लावला. कोणत्या फटीत कोणता ब्रश, किती फेऱ्या, रक्त आलं का, हो किंवा नाही. पहिल्या आठवड्यात सगळे 'हो'. तिसऱ्या आठवड्यात निम्मे. सहाव्या आठवड्यात एका सकाळी सगळे 'नाही' आले. तेव्हा मी तो तक्ता घेऊन बायकोला उठवायला गेलो आणि तिने मला मुलाखत न देता परत पाठवलं.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, तीन. चार, तीन..." मी डोळे मिटून ऐकत होतो. शेवटच्या दाढेशी ती थांबली, पुन्हा मोजलं. "पाच. सातची पाच झालीय, काका. दाढ राहिली. पण तिच्यावर लक्ष ठेवावं लागेल."

सुटकेच्या भरात मी पुढचे काही दिवस घरात फारच बोललो असणार. ऊठसूट बायकोला हिरड्यांवर व्याख्यान. ती "हं" म्हणायची आणि विषय बदलायची. मला वाटायचं, माझा विजय तिला सोसत नाही.

मग एका सकाळी ती न्हाणीघरात असताना इमारतीचं पाणी गेलं. "अहो, एक तांब्या पाणी द्या," ती आतून म्हणाली. मी दार लोटलं. ती बेसिनसमोर उभी होती, तोंडात फेस, आणि मला बघताच तिने दोन्ही तळहात बेसिनवर पसरले. पण फेस लपला नाही. तो गुलाबी होता. गुलाबीही नव्हे, लालच.

"हे किती दिवसांपासून?"

तिने तोंड पुसलं. "काही नाही हो. मुलगी पोटात होती तेव्हापासून येतं अधूनमधून."

आमची मुलगी बावीस वर्षांची आहे.

"बावीस वर्षं? आणि मला डॉक्टरकडे जा म्हणून सांगत होतीस!"

"तुम्हाला सांगणं सोपं आहे," ती म्हणाली. मग टॉवेलची घडी घालत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला सुईची भीती वाटते."

मी हसणार होतो. दिवसाला पन्नास माणसांना टोचणारी बाई! पण तिचा चेहरा पाहिला आणि हसू आतच राहिलं. "मी टोचते तेव्हा सुई माझ्या हातात असते," ती म्हणाली. "माझं स्वतःचं रक्त मी शेवटचं दिलं ते मुलीच्या वेळी. तेव्हा बेशुद्ध पडले होते. लॅबमध्ये कोणाला सांगितलेलं नाही."

चोवीस वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं. मी तिला तांब्याभर पाणी ओतून दिलं आणि त्या दिवशी एकही व्याख्यान दिलं नाही.

तिला तयार व्हायला महिना लागला. आधी लॅबमध्ये गर्दी होती, मग डोकं दुखत होतं, मग मुलगी सुट्टीत येणार होती. शेवटी एका शनिवारी तिनेच पर्स उचलली आणि म्हणाली, "चला, माझा विचार बदलायच्या आत."

लिहून घेणारी ताई त्या दिवशी आली नव्हती. डॉक्टरीणबाईने कागद लावलेली फळी आणि पेन माझ्या हातात दिलं. "काका, तुम्हाला तर सवय आहे. मी सांगते, तुम्ही लिहा."

तीन, तीन, चार, मी लिहीत गेलो. खुर्चीतून बायकोचा हात बाहेर लोंबत होता आणि मूठ घट्ट मिटलेली होती. चार, पाच. "सहा," डॉक्टरीणबाई म्हणाली.

माझं पेन थांबलं.

"लिहिलंत का, काका?"

"पुन्हा एकदा मोजता का?" मी म्हणालो.

तिने मोजलं. "सहाच आहे."

मी सहा लिहिले. आयुष्यात एवढा जड आकडा मी कधी लिहिला नव्हता.

पुढच्या गुरुवारी पहिली बैठक होती. हेडक्लार्क म्हणाला, पत्नीच्या हिरड्यांसाठी तर सदरच नाही. मी म्हणालो, मग बिनपगारी लिहा. त्याने तशी लिहिली, आणि शेजारच्या रकान्यात पेन्सिलीने 'कौटुंबिक निकड' असं टिपून ठेवलं.

इंजेक्शनाच्या वेळी बायकोने माझा हात असा धरला, की माझ्या बोटांनी रंग बदलला. डोळे गच्च मिटून ती म्हणाली, "झालं?"

"अजून सुई उचललीच नाही, काकू," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"आता झालं?"

"आता झालं," मी म्हणालो. खरंच झालं होतं. तिने एक डोळा उघडून खात्री केली आणि हात सोडला नाही तो नाहीच. तासभर मी स्टुलावर वाकडा बसून होतो. कंबर धरली, पाय झोपला, पण ती बेशुद्ध पडली नाही. उठताना तिने स्वतःहून चूळ भरली, लाल पाणी वाहून जाताना नीट पाहिलं आणि मान वर केली.

परत येताना आम्ही पायीच आलो. तिचा ओठ एका बाजूला उतरला होता. इमारतीच्या दाराशी ती थांबली, मला काहीतरी सांगू लागली, पण शब्द नुसते बुडबुडे होऊन बाहेर पडत होते. दोनदा प्रयत्न करून तिने पाय आपटला, माझ्या खिशातलं पेन काढलं आणि दवाखान्याच्या पुढच्या तारखेच्या कार्डामागे लिहिलं :

'मी सुईला घाबरते हे कोणाला सांगत बसू नका. विशेषतः वर.'

मी तिला तिथल्या तिथे शब्द दिला. आणि मी शब्दाचा पक्का आहे. वरच्या मजल्यावर आजतागायत यातलं एक अक्षर कळलेलं नाही.